मॉकअपमधलं हेडिंग पेज बिल्डरमध्ये आलं की बिघडतं: कुठे पाहायचं, काय बदलायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच तऱ्हेची असते. फिग्मात, म्हणजे डिझायनर पानाचं नमुना-चित्र (मॉकअप) बनवतो त्या टूलमध्ये, हेडिंग ६४ पिक्सेलचं आहे, दोन ओळींत छान बसलंय. पेज बिल्डरमध्ये, म्हणजे कोड न लिहिता पान जुळवायच्या साधनात, तोच फॉन्ट निवडला, तोच आकडा टाकला, तरी पानावर ते जास्त जाड दिसतं, तीन ओळींत मोडतं आणि खालचा परिच्छेद त्याला येऊन चिकटतो. मग कोणीतरी त्या एका विजेटमध्ये (पानावर ठेवलेल्या त्या तुकड्यात) जाऊन आकडे खालीवर करतं आणि पान दिसायला ठीक होतं. पुढच्या पानावर पुन्हा तेच. थीमचं अपडेट आलं की आधी ठीक केलेलं पानही हलतं.

हा त्रास परत परत होतो, कारण मॉकअपमध्ये एकाच खोक्यात दिसणारं हेडिंग पेज बिल्डरमध्ये दोन ठिकाणी विभागलं जातं. ते दिसायला कसं असावं हा एक निर्णय. पानाच्या रचनेत त्याची पातळी कोणती, म्हणजे एच१, एच२ की एच३, हा दुसरा. फिग्मात या दोन्हींना मिळून एकच नाव असतं, त्यामुळे बिल्डरमध्येही आपण ते एकाच दमात उरकतो. खाली एलिमेंटॉर आणि वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. डिव्ही, ब्रिक्स किंवा इतर बिल्डरमध्ये बटणांची नावं वेगळी असतील, कारणं तीच.

काही बदलण्याआधी

बिल्डरच्या पॅनेलमध्ये दिसणारा आकडा आणि पानावर लागू झालेला आकडा एकच असेल असं धरून चालू नका. पान वेगळ्या टॅबमध्ये उघडा, हेडिंगवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा आणि क्रोमच्या कम्प्युटेड टॅबमध्ये जा. फॉन्ट-साइज, फॉन्ट-वेट, लाइन-हाइट, लेटर-स्पेसिंग आणि वरखालचं मार्जिन या पाच किमती मॉकअपशेजारी लिहून काढा. त्याच टॅबच्या तळाशी रेंडर्ड फॉन्ट्स असं लिहिलेलं असतं. तिथे खरोखर वापरलेल्या फॉन्टचं नाव आणि त्यातून किती अक्षरं आली तेही दिसतं. पॅनेलमध्ये इंटर हा फॉन्ट निवडलाय आणि खाली भलतंच नाव दिसतंय, असं असेल तर त्या पाच किमती पाहण्यात आत्ता अर्थ नाही. आधी फॉन्ट.

आकार चुकलाय आणि कारण सापडत नाही, असं झालं तर वर एचटीएमएल या मूळ टॅगचा फॉन्ट-साइज बघा. तो साधारणपणे १६ पिक्सेल असतो. काही थीम हिशोब सोपा व्हावा म्हणून तो ६२.५ टक्क्यांवर, म्हणजे १० पिक्सेलवर आणतात. अशा थीममध्ये तुम्ही ४ रेम (म्हणजे या मूळ आकाराच्या ४ पट) टाकलेत की ६४ ऐवजी ४० पिक्सेल मिळतात. दोष बिल्डरचा नाही, तुमचाही नाही, पण तासभर खाऊन टाकतो.

जाडी का जुळत नाही

मॉकअपमध्ये सेमी-बोल्ड आहे, म्हणजे ६००. साइटवर मात्र फॉन्टच्या दोनच फाइली लोड केल्यात, ४०० आणि ७००. ब्राउझर अशा वेळी अडत नाही, जवळची फाइल निवडतो, आणि ही निवड ठरलेल्या नियमाने होते. ५०० पेक्षा जास्त जाडी मागितली आणि ती नसेल, तर तो आधी आणखी जाड फाइल शोधतो. म्हणून ६०० मागितल्यावर ७०० मिळते आणि हेडिंग मॉकअपपेक्षा दणकट दिसतं. ५०० मागितली तर तो आधी खाली बघतो, म्हणून ४०० मिळते आणि मीडियम जाडीचं उपशीर्षक साध्या मजकुरासारखं दिसायला लागतं. एकाच पानावर एक हेडिंग जास्त जाड आणि दुसरं जास्त बारीक दिसत असेल, तर कारण जवळजवळ नक्की हेच.

फक्त ४०० ची फाइल असेल तर प्रकार आणखी वाईट होतो. ब्राउझर साध्या अक्षरांना कृत्रिमरीत्या फुगवून बोल्ड तयार करतो. इंग्रजीत ते खपून जातं. देवनागरीत जोडाक्षरांच्या आतल्या फटी बुजतात. अशी बनावट जाडी आहे का हे ओळखायला इन्स्पेक्टमध्ये हेडिंगला फॉन्ट-सिंथेसिसची किंमत नन अशी देऊन पाहा. हेडिंग एकदम बारीक झालं, तर बोल्डची फाइल साइटवर नाहीच.

उपाय एकच: मॉकअपमध्ये ज्या जाड्या आहेत त्या सगळ्या फाइली लोड करा. आणि डिझायनरने पाच-सहा जाड्या वापरल्या असतील, तर त्यातल्या दोन-तीनच ठेवू या असं त्याच्याशी आत्ताच बोलून घ्या. नंतर पॅनेलमध्ये जाडी जुळवत बसणं म्हणजे नसलेली फाइल शोधणं.

ओळीची उंची

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

फिग्मात लाइन-हाइट तीन प्रकारे दिलेली असते: पिक्सेलमध्ये, टक्क्यांत, किंवा ऑटो. टक्के असतील तर सोपं. १२० टक्के म्हणजे सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या कोडमध्ये) १.२. पिक्सेल असतील तर फॉन्टच्या आकाराने भागा. ६४ च्या हेडिंगला ७२ असेल तर १.१२५. ऑटो असेल तर तो आकडा फॉन्टच्या फाइलमधून येतो आणि फॉन्ट बदलला की बदलतो, म्हणून डिझायनरकडून ठरावीक आकडा मागून घ्यावा.

आता बिल्डरची बाजू. एलिमेंटॉरच्या हेडिंग विजेटची स्वतःची लाइन-हाइट मुळातच १ असते, आणि ती त्याच्या सीएसएसमध्ये क्लासवर, म्हणजे टॅगला दिलेल्या खास नावावर, लिहिलेली असते. थीमने एच२ साठी १.३ दिलेली असली तरी क्लासचा नियम टॅगच्या नियमावर मात करतो. एका ओळीच्या हेडिंगमध्ये हे कळतही नाही. मोबाइलवर तेच हेडिंग दोन ओळींत गेलं की ओळी एकमेकींवर चढतात. म्हणजे डेस्कटॉपवर ठीक आणि फोनवर चेंगरलेलं असं हेडिंग दिसलं, की मोबाइलचा फॉन्ट-साइज कमी करत बसू नका, लाइन-हाइट बघा.

दुसरा सापळा एककाचा. एलिमेंटॉरमध्ये लाइन-हाइटच्या खान्यात एकक सहसा ईएम, म्हणजे फॉन्टच्या आकाराची पट, असतं. फिग्मातलं १२० जसंच्या तसं तिथे टाकलं, तर ओळ फॉन्टच्या १२० पट उंच होते आणि हेडिंग पानावरून गायबच झाल्यासारखं वाटतं. खाली बरंच स्क्रोल केलं की सापडतं.

याच्याशी जोडूनच हेडिंगखालच्या जागेचा प्रश्न येतो. फिग्मातलं २४ चं अंतर मजकुराच्या दोन खोक्यांमधलं असतं, अक्षरांच्या कडांमधलं नव्हे. ओळीची उंची जुळली नाही तर खोक्याची उंची बदलते आणि अंतर २४ असूनही डोळ्याला वेगळं दिसतं. शिवाय बिल्डरमध्ये तेच अंतर तीन ठिकाणांहून येऊ शकतं: कंटेनरची (विजेट ज्या चौकटीत ठेवतात तिची) गॅप, विजेटचं मार्जिन आणि थीमने एच२ ला दिलेलं मार्जिन. साध्या रचनेत एकाखाली एक आलेली दोन मार्जिनं एकमेकांत मिसळून मोठं तेवढं उरतं; फ्लेक्स कंटेनरमध्ये तसं होत नाही, दोन्ही लागतात आणि वर गॅपही पडते. माझा आग्रह असा, की अंतर फक्त गॅपमधून द्यावं आणि हेडिंगांचं मार्जिन शून्य करावं. ब्लॉग लेखाच्या मजकुरातली हेडिंगं याला अपवाद. तिथे गॅप द्यायला कंटेनर नसतो, मार्जिनच हवं.

लाइन-हाइट आधी, अंतर नंतर. उलट क्रमाने गेलात तर अंतर दोनदा जुळवावं लागेल.

अक्षरांमधलं अंतर

फिग्मातलं उणे २ टक्के म्हणजे सीएसएसमध्ये उणे ०.०२ ईएम. बिल्डरचा स्लायडर बहुधा पिक्सेलवर असतो, म्हणून लोक ६४ च्या हिशोबाने उणे १.२८ पिक्सेल टाकतात. डेस्कटॉपवर बरोबर. मोबाइलवर हेडिंग ३६ चं झालं तरी अंतर तेवढंच राहतं आणि अक्षरं एकमेकांत घुसतात. एकक ईएम करा आणि विसरा.

हेडिंग मराठीत असेल तर

मॉकअप बऱ्याचदा इंग्रजी मजकुरावर बनवलेला असतो आणि मराठी मजकूर शेवटी येतो. इंटरसारख्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. फिग्मा गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं उसनी घेतं, आणि साइटवर ब्राउझर ती वाचकाच्या यंत्रातून घेतो: विंडोजवर बहुधा निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. तीन यंत्रांवर तीन वेगळी हेडिंगं दिसतात आणि मॉकअपशी एकही जुळत नाही. मुक्ता, हिंद, पॉपिन्स किंवा बलू २ यांसारखा देवनागरी असलेला फॉन्ट मॉकअपमध्येच बसवून घ्या. आणि तो साइटवर लोड करताना देवनागरीचा भागही येतोय ना ते पाहा. फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवताना नुसती लॅटिन फाइल उतरवली जाते आणि देवनागरी मागेच राहते.

इंग्रजी हेडिंगसाठी ठरवलेली १.० किंवा १.१ ची लाइन-हाइट देवनागरीला पुरत नाही. वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार. दोन ओळींत ते एकमेकांना भिडतात. मी १.३ पासून सुरुवात करतो आणि फॉन्ट पाहून कमीजास्त करतो. कंटेनरवर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणारी सेटिंग) लावलेलं असेल किंवा अक्षरांत ग्रेडियंट भरलेला असेल, तर मात्रांचे शेंडे कापले जातात. अशा वेळी लाइन-हाइट वाढवा किंवा हेडिंगला वरखाली थोडं पॅडिंग द्या.

अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची फॅशन देवनागरीत पूर्ण सोडून द्यावी, कारण शिरोरेषा तुटते. कॅपिटल अक्षरांतल्या छोट्या इंग्रजी शीर्षकाची नक्कल करायला डिझायनरने २ पिक्सेल अंतर दिलेलं असेल, तर मराठीत ते शून्य करा. कॅपिटल अक्षरांची सेटिंग इथे काहीच करत नाही, म्हणून त्या शीर्षकाला उठाव द्यायला रंग किंवा जाडी वापरावी लागते. साइटची भाषा मराठी अशी नोंदवलेली असावी, हेही जाता जाता तपासा. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि ती भाषेच्या नोंदीवरूनच निवडली जातात.

ओळ भलतीकडेच मोडते

मॉकअपची चौकट १४४० ची आणि त्यात मजकुराची रुंदी १२०० आहे असं समजा. एलिमेंटॉरच्या कंटेनरची मूळ रुंदी ११४० पिक्सेल असते. ६४ पिक्सेलच्या हेडिंगला ६० पिक्सेल कमी मिळाले की शेवटचा शब्द खाली जातो. साइट सेटिंग्जमध्ये कंटेनरची रुंदी मॉकअपएवढी करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तपासणाऱ्याच्या स्क्रीनचाही विचार हवा: १९२० च्या लॅपटॉपवर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असेल, तर ब्राउझरला प्रत्यक्षात १५३६ पिक्सेलच मिळतात.

डिझायनरने फिग्मात एंटर मारून ओळ तोडलेली असेल, तर ती तोड पानावर आणू नका. डेस्कटॉपवर शोभणारी तोड फोनवर हेडिंगच्या मध्येच एकटा शब्द सोडून देते. त्याऐवजी हेडिंगला जास्तीत जास्त रुंदी द्या आणि टेक्स्ट-रॅपची किंमत बॅलन्स ठेवा. सध्याचे प्रमुख ब्राउझर ती मानतात आणि ओळी साधारण सारख्या लांबीच्या करतात. मजकूर कॉपी करतानाही सांभाळा. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबून साधा मजकूर चिकटवा, नाहीतर मूळ जागेचे रंग, फॉन्ट, कधी ओळ तोडणारं अदृश्य चिन्हसुद्धा सोबत येतं. पॅनेलमधून काहीही बदललं तरी हेडिंग ढिम्म राहतं, तेव्हा बऱ्याचदा आत असला चिकटलेला स्पॅन (मजकुराच्या तुकड्याभोवतीचा टॅग) सापडतो.

डेस्कटॉप आणि मोबाइल यांच्या मधल्या रुंदीसाठी मॉकअपमध्ये सहसा काहीच नसतं. एलिमेंटॉरच्या मूळ सीमा १०२४ आणि ७६७ पिक्सेलच्या आहेत. १०२५ रुंदीच्या स्क्रीनलाही ६४ पिक्सेलचंच हेडिंग मिळतं आणि तिथे ते अवाढव्य दिसतं. अशा ठिकाणी क्लॅम्प वापरा: कमीत कमी, मधली आणि जास्तीत जास्त अशा तीन किमती घेणारं सीएसएसचं फंक्शन. समजा ३९० रुंदीवर ३६ पिक्सेल आणि १४४० वर ६४ हवेत. फरक २८, रुंदीतला फरक १०५०, भागाकार ०.०२६६७, म्हणजे २.६६७ व्हीडब्ल्यू (१ व्हीडब्ल्यू म्हणजे स्क्रीनच्या रुंदीचा शंभरावा भाग). ३९० वर याचे १०.४ पिक्सेल होतात. ३६ मधून ते वजा केले की २५.६ उरतात, म्हणजे १.६ रेम. तर क्लॅम्पच्या तीन किमती अशा: कमीत कमी २.२५ रेम, मधली १.६ रेम अधिक २.६६७ व्हीडब्ल्यू, जास्तीत जास्त ४ रेम. अधिकच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडा, नाहीतर ब्राउझर ती पूर्ण ओळच रद्द करतो. मधली किंमत नुसत्या व्हीडब्ल्यूमध्ये देऊ नका. वाचकाने पान झूम केलं तरी त्या टप्प्यात अक्षर वाढत नाही. ब्लॉक एडिटरमध्ये वर्डप्रेस ६.१ पासून थीमच्या थीम.जेसन फाइलमध्ये फ्लुइड टायपोग्राफी चालू करता येते, मग हा हिशोब वर्डप्रेस स्वतः करतो.

एच१ नावाची स्टाइल म्हणजे एच१ नव्हे

फिग्मातल्या टेक्स्ट स्टाइलना एच१, एच२, एच३ अशी नावं देण्याची पद्धत आहे. ती नावं आकाराची असतात. डिझायनरला आकडेवारीतला मोठा आकडा उठून दिसायला हवा असतो, म्हणून तो त्याला एच१ लावतो. फूटरमधलं छोटं शीर्षक लहान हवं, म्हणून एच६. हे जसंच्या तसं बिल्डरच्या टॅगच्या खान्यात गेलं, की पानावर पाच एच१ आणि एच२ नंतर थेट एच६ अशी अवस्था होते. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत पान वाचतो. त्याला हे पान म्हणजे पानं विस्कटलेलं पुस्तक.

म्हणून बिल्डर उघडण्याआधी मॉकअपमधला सगळा मजकूर वरून खाली वाचा आणि पातळ्या नुसत्या कागदावर लिहा. पानाचा विषय सांगणारं एक ते एच१. मुख्य विभाग एच२, विभागातल्या कार्डांची शीर्षकं एच३. हेडिंगच्या डोक्यावरची छोटी रंगीत ओळ हेडिंग नाही, ती साधा परिच्छेद. मोठे आकडे, ग्राहकाचं अवतरण, बटणावरचा मजकूर, यांतलं काहीच हेडिंग नाही; एलिमेंटॉरच्या हेडिंग विजेटमध्ये टॅगसाठी डिव्ह, स्पॅन आणि पी असे पर्याय त्यासाठीच आहेत. एखादा शब्द वेगळ्या रंगाचा असेल, तर दोन विजेट शेजारी ठेवू नका. एकाच हेडिंगमध्ये त्या शब्दाला स्पॅन लावा.

हेडिंग विजेट आणि हेडिंग ब्लॉक दोन्ही मुळात एच२ देतात. त्यामुळे उलटी चूकही दिसते: पानभर सगळं एच२. एच१ लावण्याआधी थीम पानाचं नाव आधीच एच१ मध्ये छापतेय का ते पाहा, नाहीतर दोन होतील. आणि डेस्कटॉपसाठी एक हेडिंग, मोबाइलसाठी दुसरं, अशी दोन विजेट करून एकेक लपवण्याची युक्ती मला मुळीच पटत नाही. लपवलेलं हेडिंगही पानाच्या एचटीएमएलमध्ये असतंच, आणि मजकूर बदलताना एकच बदललं जातं.

ब्लॉक एडिटरमध्ये डॉक्युमेंट ओव्हरव्ह्यू उघडून आउटलाइन टॅब पाहा. पातळी चुकली असेल तर तिथे तशी सूचना येते. एलिमेंटॉरमध्ये हे काम ब्राउझरच्या एखाद्या अ‍ॅक्सेसिबिलिटी एक्स्टेन्शनने करा.

दुरुस्ती टिकत का नाही

एलिमेंटॉरमध्ये विजेटवर केलेला बदल त्या विजेटच्या खास सिलेक्टरने लिहिला जातो आणि थीमच्या सगळ्या नियमांवर भारी पडतो. मग कोणी कस्टमायझरमध्ये एच२ साठी सीएसएस लिहितं, ते लागत नाही, म्हणून इम्पॉर्टंट (बाकीच्या नियमांवर मात करायला लावणारा शब्द) जोडतं. त्या क्षणापासून पॅनेलमधली मोबाइलची सेटिंगही मरते, कारण तीसुद्धा त्या इम्पॉर्टंटपुढे हरते. पुढचा माणूस आणखी एक इम्पॉर्टंट लिहितो. साइटवर हेडिंगसाठी एकाहून जास्त इम्पॉर्टंट दिसले, तर नवीन काही जोडण्याआधी ते काढा.

आकारांची जागा साइट सेटिंग्जमधल्या ग्लोबल फॉन्ट्समध्ये आहे. मॉकअपमधल्या प्रत्येक टेक्स्ट स्टाइलसाठी तिथे एकेक नोंद करा, पण एच१, एच२ ही नावं टाळा. शीर्षक-मोठं, शीर्षक-मध्यम, शीर्षक-लहान अशी नावं द्या, म्हणजे पातळीशी गल्लत होत नाही. डिझायनरलाही फिग्मात हीच नावं ठेवायला सांगा. मग विजेटमध्ये पृथ्वीगोलाच्या खुणेवरून नोंद निवडायची आणि टॅग वेगळा ठरवायचा. एक लक्षात असू द्या: नोंद निवडल्यावर विजेटच्या टायपोग्राफीत एखादाही आकडा हाताने बदलला, की ग्लोबलशी असलेला दुवा तुटतो आणि ते विजेट पुन्हा एकटं पडतं. बदल हवाच असेल तर ग्लोबल नोंदीत करा, नाहीतर नवीन नोंद करा. ब्लॉक एडिटरमध्ये हीच जागा स्टाइल्समधल्या टायपोग्राफीखाली हेडिंग्जमध्ये आहे.

आधीच बिघडलेल्या साइटवर हे करताना विजेटमधले जुने आकडे पुसावे लागतात. हेडिंगवर राइट क्लिक केलं की रीसेट स्टाइल मिळतं. त्याने फक्त दिसण्याच्या सेटिंग्ज जातात, मजकूर आणि टॅग राहतात. आधी बॅकअप घ्या, एका पानावर करून पाहा, मग बाकीची.

सगळं बरोबर करूनही जुनंच हेडिंग दिसत राहिलं, तर एलिमेंटॉरच्या टूल्समधून सीएसएसच्या फाइली पुन्हा तयार करा, मग कॅशिंग प्लगइन रिकामं करा, मग सर्व्हर किंवा सीडीएनची (पान ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पोचवणाऱ्या सेवेची) कॅशे, म्हणजे साठवलेली जुनी प्रत, याच क्रमाने. लॉग-इन असताना बरोबर आणि बाहेरून चुकीचं दिसत असेल तर कारण कॅशेच. दोन्हीकडे चुकीचं दिसत असेल, तर पुन्हा कम्प्युटेड टॅब उघडा आणि कोणत्या नियमावर रेघ मारलीय ते पाहा.